साथीला पोरं

सूट दोन रंगांचा होता. कोट एका रंगाचा आणि पँट दुसऱ्या रंगाची, इतका सरळ मामला नव्हता. एकाच कोटाची एक बाजू फिकी, दुसरी गडद, आणि पँटीचे दोन पायही तसेच आपापल्या रंगाचे. वर लंडनच्या बँकांतले साहेब घालायचे तसली गोल बोलर हॅट, हातात मिटलेली छत्री, हातमोजे आणि चामडी ब्रीफकेस. ब्रीफकेस उघडली की आत माउथ ऑर्गन. वेगवेगळ्या पट्ट्यांचे, ओळीने.

१९६३-६४च्या हिवाळ्यात हा उंच, हडकुळा, हनुवटीवर बोकडदाढी राखलेला गृहस्थ इंग्लंडभर हिंडत होता. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून आलेल्या माणसाने इंग्रजाहून इंग्रज दिसायचं ठरवलं की काय होतं, त्याचा तो नमुना. गंमत अशी की त्याच वेळी इंग्लंडातली अठरा-वीस वर्षांची गोरी पोरं त्याच्यासारखी दिसण्याची, निदान त्याच्यासारखं ऐकू येण्याची जिवापाड खटपट करत होती. दोन्ही पक्ष एकाच रंगमंचावर समोरासमोर आले, आणि जे वाजलं त्याची तबकडी निघाली. ती ऐकत मी रोज कामावर जातो.

काम म्हणजे इरुंगाट्टुकोट्टैला. हे नाव आमच्या मिरजेकडच्या नातेवाइकांना मी दोनदा सांगून पाहिलं आणि मग 'चेन्नईजवळ' वर समेट केला. जुन्या चार नंबरच्या महामार्गावर, श्रीपेरंबुदूरच्या अलीकडे हे गाव लागतं. रस्ता तोच, जो मुंबईहून निघून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव करत बंगळूरवरून इथे येतो. आता त्याचा नंबर अठ्ठेचाळीस झालाय. गावात १९९०पासून मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक आहे, १९९८ साली इथल्या ह्युंदाईच्या कारखान्यातून पहिली सँट्रो बाहेर पडली, आणि मग तिच्या मागोमाग सुटे भाग करणारे आमच्यासारखे असंख्य लोक आले. पहाटेच्या शिफ्टच्या बसमध्ये सगळी ट्रेनी पोरं माना टाकून झोपलेली असतात. जागे दोघेच, ड्रायव्हर आणि मी. ड्रायव्हरच्या बाजूला इळयराजा, माझ्या कानात सनी बॉय विल्यमसन.

हे नाव त्याचं नव्हे. त्याचं खरं नाव काय हा प्रश्न सोपा नाही आणि जन्मसाल काय हा त्याहून अवघड. अभ्यासकांनी १८९७पासून १९१२पर्यंत वेगवेगळी सालं काढली आहेत. म्हणजे लंडनच्या वारीच्या वेळी त्याचं वय पन्नाशीपासून साठीपलीकडे कुठेही असू शकतं. अ‍ॅलेक फोर्ड हे मूळ नाव, मग सावत्र बापाचं मिलर हे आडनाव, आणि घरचे-दारचे 'राइस' म्हणत म्हणून राइस मिलर. यातलं एकही पोस्टरवर शोभणारं नव्हतं. शोभणारं नाव शिकागोत एका दुसऱ्याच माणसाकडे होतं. जॉन ली विल्यमसन, उर्फ सनी बॉय, हा तरुण तिकडे माउथ ऑर्गन वाजवून भरपूर गाजला होता. १९३७पासून त्याच्या तबकड्या खपत होत्या. आमच्या राइस मिलरने हे नाव उचललं. चोरून वगैरे नव्हे, चक्क रेडिओवर. वर 'मूळ सनी बॉय मीच' असंही तो सांगत राही. खरा सनी बॉय १९४८ साली शिकागोच्या रस्त्यावर मारला गेला आणि हरकत घेणारं कोणी उरलं नाही. आपल्याकडे बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व अशी रांग आहे, पण तिथे पदवी कोणीतरी द्यावी लागते. परस्पर घेऊन मोकळं होण्याचा धीर आपल्या एकाही गवयाला झाला नाही.

तो रेडिओही ऐकण्यासारखा होता. आर्कान्सातल्या हेलेना नावाच्या नदीकाठच्या गावात, २१ नोव्हेंबर १९४१ रोजी, 'किंग बिस्किट टाइम' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. रोज दुपारी जेवायच्या सुट्टीत पंधरा मिनिटं. किंग बिस्किट हे पिठाचं नाव. पीठ खपावं म्हणून कार्यक्रम, आणि कार्यक्रमात सनी बॉयचं गाणं. पीठ इतकं खपलं की पीठवाल्यांनी पुढे 'सनी बॉय' नावाचं मक्याचं पीठच काढलं आणि पिशवीवर त्याचं चित्र छापलं: मक्याच्या कणसावर बसून माउथ ऑर्गन वाजवणारा सनी बॉय. गायकाचं चित्र तबकडीच्या वेष्टनावर यायच्या आधी भाकरीच्या पिठाच्या पिशवीवर आलं, असं भाग्य फार थोड्यांना लाभलं असेल. दुपारच्या त्या पंधरा मिनिटांत आसपासच्या शेतांवर कान टवकारून बसणाऱ्यांत पुढे प्रचंड नाव काढलेला बी. बी. किंग होता, आणि लेव्हॉन हेल्म नावाचं एक गोरं शेतकऱ्याचं पोरही होतं. हे पोर लक्षात ठेवा.

युरोपात त्याला आणलं दोन जर्मनांनी. होर्स्ट लिपमान आणि फ्रिट्झ राउ. ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं संगीत, आणि ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची एक मोटच ते दरवर्षी युरोपभर फिरवत. १९६३च्या मोटेत मडी वॉटर्स, विली डिक्सन, मेम्फिस स्लिम यांच्याबरोबर सनी बॉय होता. मायदेशी यातल्या कित्येकांना गोऱ्या माणसाच्या हॉटेलात पुढच्या दाराने जाता येत नव्हतं, आणि इकडे युरोपात तिकीट काढून आलेले लोक टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत बसून ऐकत होते. बाकीचे परत गेले. सनी बॉय रेंगाळला. त्याला इंग्लंड आवडलं, इंग्लंडला तो आवडला. त्याने कॉफीच्या भांड्यात ससा शिजवायला घेतला आणि हॉटेलचा मजला धुराने भरला, अशी एक गोष्ट लोक आवडीने सांगतात. खरी असो-नसो, सूट पाहिल्यावर पटते.

आता इंग्लंडात तो थांबला तर साथीला कोण? लंडनलगतच्या रिचमंडमध्ये जॉर्जियात जन्मलेले जॉर्जिओ गोमेल्स्की नावाचे एक खटपटी गृहस्थ क्रॉडॅडी क्लब चालवत. त्यांच्या क्लबात वाजवणारी रोलिंग स्टोन्स ही पोरं नुकतीच त्यांच्या हातून निसटून दुसऱ्या मॅनेजरकडे गेली होती. गोमेल्स्कींनी नवी पोरं धरली, यार्डबर्ड्स. पाहुणा आयता आलाय, पोरं आयती आहेत, टेपरेकॉर्डर लावू, असा साधा हिशोब. डिसेंबर १९६३च्या पहिल्या पंधरवड्यात क्रॉडॅडीत, आणि ३० डिसेंबरला तिकडे वर न्यूकॅसलला अ‍ॅनिमल्स या दुसऱ्या पोरांबरोबर, अशी मुद्रणं झाली.

यार्डबर्ड्सचा गिटारवाला एरिक क्लॅप्टन तेव्हा अठरा वर्षांचा होता. शिष्याने गुरूला पहिल्या भेटीत काय विचारू नये याचा त्याने धडाच घालून दिला. त्याने वाचून-ऐकून माहिती काढली होती, आणि अभ्यास केलेला मुलगा ती दाखवल्याशिवाय राहत नाही. त्याने विचारलं, तुमचं खरं नाव राइस मिलर ना? उत्तरादाखल सनी बॉयने खिशातून एक छोटा चाकू सावकाश बाहेर काढला. हा किस्सा क्लॅप्टनने स्वतःच आत्मचरित्रात लिहिला आहे, आणि पुढे संबंध काही सुधारले नाहीत हेही.

तबकडी ऐकताना तो चाकू अजून टेबलावर आहे असं वाटतं. पोरं तोंडी परीक्षेला बसल्यासारखी वाजवतात. एकही सूर चुकत नाही, म्हणून तर ऐकवत नाही. ढोलवाला ठोका सोडायला तयार नाही, क्लॅप्टनची गिटार मध्येच दोन शब्द बोलते आणि परवानगीची वाट बघत थांबते. त्यांच्यावरून सनी बॉय आपला निवांत चालला आहे. घोगरा, थोडा बोबडा वाटावा असा आवाज, ओळीच्या शेवटी माउथ ऑर्गनचं एक उत्तर, मग मध्येच कुठेतरी दीर्घ दम घेऊन थांबणं. एखाद्या गाण्यात तर पोरांना गप्प बसवून तो एकटाच वाजवतो, आणि तिथे खोली एकदम मोठी होते.

अडचण कशाची होती ते आपल्या मैफिलीतल्या माणसाला लगेच कळेल. ब्लूजचं आवर्तन पुस्तकात बारा घरांचं असतं, घरात चार ठोके, म्हणजे अठ्ठेचाळीस ठोके झाले की पुन्हा सम. पोरांनी हे तबकड्या घासूनघासून पाठ केलं होतं. पण मिसिसिपी डेल्टाचे जुने गवई ठोके मोजत नसत, श्वास मोजत. ओळ मनासारखी लागली तर दोन ठोके जास्त रेंगाळणार, कंटाळा आला तर घर अर्ध्यात सोडून पुढे. तालीम एका गाण्याची, मंचावर भलतंच. हेलेनाचे त्याचे साथीदार बारा घरं विसरून त्याच्या खांद्यांकडे बघत बसायचे. खाँसाहेबांच्या पाठीमागे बसणारा तबलजी जसा गवयाच्या मानेवरून समेचा अंदाज घेतो, तसं. रिचमंडच्या पोरांना मात्र बारा घरं हेच शास्त्र वाटत होतं आणि शास्त्र मोडणारा माणूस त्याच शास्त्राचा कर्ता निघाला. कोणीही गांगरेल.

आमच्या कारखान्यात सनी बॉय तीन दिवस टिकला नसता. आमच्याकडे टॅक्ट टाइम नावाचं दैवत आहे. पट्टा पुढे सरकतो, तुमचं काम तेवढ्या सेकंदांत झालं पाहिजे. आवडला म्हणून एखादा नट दोन ठोके जास्त आवळत बसलात तर मागची अख्खी ओळ खोळंबते. हे मी पंचवीसेक पोरांना रोज शिकवतो, आणि संध्याकाळी परत जाताना कानात पुन्हा तो माणूस, ज्याच्यापायी अख्खी ओळ खोळंबलेली ऐकू येते आणि तेच ऐकायला बरं वाटतं. त्याचा त्रास असा काही होत नाही. सकाळच्या माणसाचा पगार संध्याकाळच्या माणसाला पुरतो.

मोटारींच्या कारखान्याशी या सगळ्याचा संबंध मी ओढूनताणून आणतोय असं वाटेल. तसं नाही. सनी बॉय यायच्या आधी इंग्लंडात माउथ ऑर्गनवर ब्लूज वाजवणारा सगळ्यात तयार माणूस म्हणजे सिरिल डेव्हिस, आणि त्याचा पोटापाण्याचा धंदा होता पॅनल बीटिंग. ठोकलेल्या मोटारींचे पत्रे दिवसभर सरळ करायचे आणि रात्री क्लबात वाजवायचं. १७ मार्च १९६२ला लंडनच्या ईलिंग भागात त्याने आणि अ‍ॅलेक्सिस कॉर्नरने जो क्लब सुरू केला, तिथे पुढचे स्टोन्स जमले. सनी बॉय इंग्लंडात असतानाच, जानेवारी १९६४मध्ये, डेव्हिस गेला. वय फक्त एकतीस. आणि बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीचं तर काय सांगावं. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारीच्या तारा दाबायचा तोच हात. तेव्हा त्याच्या फोरमनने त्याला जॅंगो राइनहार्टची तबकडी आणून ऐकवली: हाही दोन बोटांनी वाजवतो, ऐक. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, तारा सैल लावल्या, आणि ब्लॅक सॅबाथचा तो जड, खालचा आवाज जन्माला आला. आमच्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येतच नाही. सुरक्षा खात्याने हा नियम फार आधी बर्मिंगहॅमला नेला असता तर हेवी मेटल पंथाचं काय झालं असतं, हा विचार मी ऑडिटच्या दिवशी मनातच ठेवतो.

फोरमनने तबकडी आणून देणं, हे मला या सगळ्या इतिहासातलं फार मोलाचं वाटतं. चाकू काढणाऱ्या गुरूपेक्षा तबकडी आणणारा फोरमन कमी लेखू नये. अर्थात चाकूचाही उपयोग झाला. क्लॅप्टनने नंतर कबूल केलं की आपल्याला वाटत होतं तेवढं हे संगीत आपल्याला कळलेलं नाही, हे त्या माणसाशेजारी उभं राहून समजलं. प्रेमाने पाठ थोपटली असती तर इतक्या लवकर समजलं नसतं.

माउथ ऑर्गन या यंत्राविषयी थोडं सांगितलं पाहिजे, कारण सगळी खोडी तिथेच आहे. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावच्या मथियास होनरने १८५७पासून हे बाजे करायला घेतले. दहा भोकं, वीस पत्त्या. फुंकलं की एक सूर, ओढलं की दुसरा. फुंकणीचे सूर एकत्र लागले की घरच्यासारखं गोड वाटावं, अशी रचना. जर्मन लोकगीतं वाजवायला अगदी सोयीची. मिसिसिपीच्या लोकांनी ते उलटं धरलं. म्हणजे बाजा तसाच, पण घर फुंकणीत न मानता ओढणीत मानायचं. सी पट्टीचा बाजा घ्यायचा आणि जी पट्टीत वाजवायचं. ओढताना जीभ-टाळू आवळून पत्ती वाकवली की सूर खाली घसरतो, आपण जिला मींड म्हणतो ती निघते. होनरसाहेबांच्या माहितीपत्रकात हे काही नव्हतं. पेटी ही त्याच कुळातली, तिच्यातही पत्त्याच, पण तिला मींड येत नाही म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढलं आणि तीसेक वर्षं बाहेर ठेवलं. तिच्या चिमुकल्या जर्मन भावंडाला मात्र कापूस वेचणाऱ्या माणसांनी मींड शिकवली होती. दिल्लीच्या साहेबांना कोणी कळवायला हवं होतं.

आपल्याकडे हा बाजा खुशाल फुंकणीच्या घरातच राहिला आणि गोड राहिला. सनी बॉय इंग्लंडात हिंडत होता त्याच १९६४ साली इकडे 'दोस्ती' आला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल दोघे पंचविशीच्या आसपासचे, आणि माउथ ऑर्गन वाजवायला त्यांचा मित्र राहुलदेव बर्मन, तोही तेवढाच. पोरांनी पोरांना केलेली साथ. पुढे 'शोले'त अमिताभच्या ओठांवरचा माउथ ऑर्गन भानू गुप्तांनी वाजवला. आमच्या पिढीत गणपतीच्या ऑर्केस्ट्रात हा बाजा काढणारा एक तरी दादा प्रत्येक पेठेत असायचा, आणि त्याच्या मागे लग्नाळू मुलींची नव्हे, लहान पोरांची रांग असायची.

इरुंगाट्टुकोट्टैला तो दादा आमच्या मेंटेनन्समध्ये आहे. निवृत्तीला आलेले इलेक्ट्रिशियन, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आयुधपूजेला आमच्याकडे यंत्रांना चंदन-कुंकू लागतं, कोहळा फुटतो, पुरी-बुंदी वाटली जाते आणि मग ट्रेनी पोरांचा बँड उभा राहतो. विळुप्पुरम, तिरुवण्णामलैची पोरं; दोन ओडिशाची. कीबोर्ड, गिटार आणि ऱ्हिदम पॅड. मागच्या वर्षी अण्णांना आग्रहाने बोलावलं. त्यांनी खिशातल्या रुमालातून बाजा काढला आणि इळयराजाचं एक जुनं गाणं सुरू केलं. पॅडवाल्याने बटण दाबून तयार ठेका लावला होता. ठेका शिस्तीत, अण्णा मनाने. पहिल्या अंतऱ्यात एक सूर त्यांना फार आवडला आणि ते तिथेच राहिले. ठेका पुढे निघून गेला. कीबोर्डवाला मध्ये अडकून दोघांकडे बघतोय. अण्णांनी बाजा तोंडातून काढला, शांतपणे म्हणाले, "मशीन ऑफ पण्णु, तंबी." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. पोराने मशीन बंद केलं आणि चाचपडत बोटांनी वाजवू लागला. पहिलं मिनिट कठीण गेलं. मग त्याने पॅडकडे बघायचं सोडून अण्णांच्या गालांकडे बघायला सुरुवात केली. गाल भरले की तो थांबे, बसले की ठोका. टाळ्या पडल्या त्या बुंदी संपल्यामुळे नव्हत्या. माझ्यापुरतं क्रॉडॅडी क्लबात काय व्हायला हवं होतं आणि का झालं नाही, ते त्या शेडमध्ये कळलं. तिथे चाकू होता, 'तंबी' नव्हतं.

हा तमिळ मुलूख तसा पाहुण्या गवयांना ऐकण्यात पटाईत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे आपले कीर्तनकार तंजावरला आले. चातुर्मास तिथेच काढला. भोसल्यांचं राज्य नुकतंच, १८५५ साली, संपलेलं, पण मराठी समजणारे कान अजून होते. बुवांच्या कीर्तनाचा डौल, पूर्वरंग-उत्तररंग, मध्येच झटकन बदलणारी वृत्तं, हे ऐकून तंजावरचे तरुण कृष्ण भागवतर भारावून गेले. मात्र बुवांची नक्कल काढत बसले नाहीत. चौकट बुवांची, राग-कृती कर्नाटकी, भाषा तमिळ, अशी त्यांनी आपली हरिकथा उभी केली. आजही तिकडचे भागवतर रंगात आले की साकी आणि दिंडी येते. श्रोत्यांत शब्द कळणारे फारसे नसतात, चाल मात्र सगळ्यांच्या ओळखीची. रामचंद्रबुवांनी पहिल्या बैठकीनंतर या तरुणाविषयी काय मत दिलं असेल, याचा विचार माझ्या मनात येतो. बुवा लोकांची मतं आपल्याला माहीत आहेत. पण निदान चाकू नव्हता, चिपळ्या होत्या.

आणि आमच्या गावचे खाँसाहेब. इरुंगाट्टुकोट्टैपासून जरा पुढे गेलं की श्रीपेरंबुदूरहून एक रस्ता ओरगडमवरून सिंगपेरुमाळ कोइलला जातो. सगळा मोटार-कारखान्यांचा, कंटेनरांचा रस्ता. त्याच्या टोकाच्या छोट्या रेल्वे स्टेशनवर २७ ऑक्टोबर १९३७च्या रात्री अब्दुल करीम खाँसाहेब गेले. मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून उतरले, नमाज पढले, गात गात गेले. देह मिरजेला आणला, तिथल्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि दरवर्षी तिथे मैफल होते. दक्षिणेकडे त्यांचं येणं-जाणं जुनं. साठीजवळ आलेला किराण्याचा हा उस्ताद त्यागराजांची कृती शिकून तबकडीवर गायला. कर्नाटकी उच्चार जमले का, यावर त्याही वेळी नाकं मुरडली गेली असणारच. इथे शिकणारा म्हातारा होता आणि शिकवणारं घराणं परकं. म्हणजे सनी बॉयचं चित्र आरशात. आमचे ट्रक त्या स्टेशनाच्या बाजूने रोज जातात आणि चालानावर फक्त किलोमीटर लिहिलेले असतात.

रामचंद्रबुवांचं माहीत नाही, सनी बॉयने मात्र आपल्या पोरांविषयी मत दिलंच. रॉबी रॉबर्टसन या गिटारवाल्याने ते सांगितलं आहे: या इंग्लिश पोरांना ब्लूज वाजवायची भलती वाईट हौस आहे, आणि वाजवतातही तितकंच वाईट, असा त्याचा आशय. हे वाक्य पुढे इतकं गाजलं की पोरांची बाजू कोणी ऐकूनच घेतली नाही. मला विचाराल तर पोरांचं चुकलं ते तंतोतंत वाजवण्यात. जरा धीट चुकली असती, तर त्या थंड डिसेंबरमध्येच काही तरी नवं निघालं असतं. ते पुढे निघालंच, पण सनी बॉयच्या पाठीमागे. राइस मिलर तरी काय, दुसऱ्याचं नाव, जर्मन बाजा, आणि तोही उलटा धरलेला. शुद्धतेचा आग्रह धरायला तो फारसा सोयीचा माणूस नव्हता.

तरी तो पोरांकडे पुन्हा गेलाच. त्याचं इंग्लंडातलं एक मुद्रण जानेवारी १९६५चं आहे, साथीला ब्रायन ऑगर आणि जिमी पेज. मग तो हेलेनाला परतला. गावात सांगू लागला की आपण युरोपात होतो, तिकडची गोरी पोरं आपल्यामागे वाजवत होती. कोणी विश्वास ठेवला नाही. दोन रंगांचा सूट अंगावर असूनही नाही. म्हातारा पूर्वीपासून थापा मारायचा, आणि ही तर फारच मोठी होती.

त्या वसंतात एक गोऱ्या पोरांचा बँड त्याला शोधत हेलेनात आला. हॉक्स. त्यांचा ढोलवाला म्हणजे मघाचं ते शेतकऱ्याचं पोर, लेव्हॉन हेल्म, गिटारवाला रॉबर्टसन. पुढे हेच लोक द बँड म्हणून जगभर गेले. त्या संध्याकाळी एकत्र वाजवलं, जमलं, आपण मिळून कार्यक्रम करू असे बेत झाले. काळ्या म्हाताऱ्याबरोबर गोरी पोरं बसलेली पाहून पोलिसांनी त्यांना गावाबाहेर काढलं ते वेगळं. म्हातारा मधूनमधून एका डब्यात थुंकत होता. रॉबर्टसनला वाटलं, तंबाखू असेल. डब्यात रक्त होतं. २५ मे १९६५ला तो दुपारच्या कार्यक्रमाला आला नाही, तेव्हा ढोलवाला पेक कर्टिस त्याच्या खोलीवर गेला. सनी बॉय झोपेतच गेला होता. यार्डबर्ड्सबरोबरची तबकडी १९६६ साली बाजारात आली, तोवर ती पोरं नामांकित झालेली. वेष्टनावर म्हाताऱ्यापेक्षा त्यांचं नाव खपवणारं ठरलं. पिठाच्या पिशवीचा न्याय इथे उलटा लागू झाला.

मिसिसिपीत टटवायलर नावाच्या गावाबाहेर त्याची कबर आहे. याच टटवायलरच्या स्टेशनवर १९०३च्या सुमारास रखडलेल्या गाडीची वाट बघताना डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तराने एका माणसाला गिटारीच्या तारांवर सुरी घासत गाताना ऐकलं, आणि ब्लूजची गोष्ट सांगणारे तिथूनच सुरुवात करतात. कबरीवरचा दगड त्याच्या पहिल्या तबकड्या काढणाऱ्या लिलियन मॅक्मरींनी बसवला. त्यावर मृत्यूची तारीख चुकीची आहे, महिनाभर पुढची. जन्मतारीखही पक्की नाहीच. जो माणूस आयुष्यभर स्वतःविषयी एक माहिती धड देत नव्हता, त्याच्या दगडाने तरी का द्यावी?

तिथे येणारे लोक फुलांऐवजी माउथ ऑर्गन ठेवून जातात. आता एक शेवटची कागाळी. फेब्रुवारी १९६४मध्ये बर्मिंगहॅम टाउन हॉलमध्ये सनी बॉयचा कार्यक्रम होता, आणि रंगमंचामागे शिरून एका शाळकरी पोराने त्याचा एक माउथ ऑर्गन लांबवला, अशी गोष्ट सांगतात. त्या पोराचं नाव रॉबर्ट प्लँट. पाचेक वर्षांनी लेड झेपलिनच्या दुसऱ्या तबकडीत, सनी बॉयने गायलेलं विली डिक्सनचं एक गाणं याच प्लँटने अगदी म्हाताऱ्याच्या आवाजात सुरू केलं, बाजाही त्याच ढंगात, गिटारीवर जिमी पेज, आणि वेष्टनावर श्रेय फक्त पेज आणि प्लँट यांना. डिक्सनच्या प्रकाशकांनी दावा लावला तेव्हा गाण्याची भरपाई झाली. बाजाची झाल्याचं कुठे वाचनात आलं नाही. प्लँटसाहेबांना अजून वाटलंच, तर टटवायलरला जागा आहे; दगडापाशी ढीग असतो, त्यात एक जास्तीचा ठेवला तर कोणी विचारणार नाही.